बिल्ल्याचा भाव

सोमवारी पहाटे, वडगावच्या बाजारात,
टेम्पोतून म्हशी उतरतात त्या फळीशेजारी
मी बसते प्लास्टिकच्या खुर्चीत.
हातात पक्कड, मांडीवर मोबाईल,
पिशवीत पिवळे बिल्ले, बारा आकड्यांचे.
कान धरायचा, शीर चुकवायची, दाबायचं.
टच्.
म्हैस डोकं झाडते, मालक डोळे मिटतो.
एका नोंदीमागं मिळतात ते पैसे
चहाला पुरतात, भजीला नाही.

समोर लिंबाखाली आबा.
चाळीस वर्षं दलाली, सगळी टॉवेलखाली.
दोन हात कापडात शिरतात, बोटं बोटांना धरतात,
तोंडं मात्र उसाच्या बिलाबद्दल बोलत राहतात.
लहानपणी विचारलं होतं, आत काय चालतं?
म्हणाले, "नमस्कार. जरा लांबलेला."

आज मुरगूडहून चंद्रू चौगुले आला.
म्हशीची शिंगं काचेनं तासलेली, वर करंजाचं तेल,
वेतांची वळी कुठं राहिली नाहीत मोजायला.
कास कालपासून पिळलेली नाही,
तटतटलेली, बघणाऱ्याला घाई लावणारी.
"तिसऱ्या वेताची. आईच्यान."
आबा मान हलवत होते. हलवायचीच असते.
निपाणीचा इराप्पा गवळी कासेकडं वाकला नाही,
दातही उघडले नाहीत त्यानं. मला म्हणाला,
"बाई, हिचा कान वाचा की जरा."

वाचला.
सहावं वेत. मधे एकदा गाभडली.
लाळ-खुरकुताची लस वेळच्या वेळी, तेही खरं.
दूध वेळेला साडेतीन लिटर.
टॉवेलखालचं बोलणं थांबलं.
बोटं मिटताना दिसत नाहीत,
पण कापड हळूहळू खाली बसतं.
त्या घडीत बावीस हजार बसले.
चंद्रू माझ्याकडं बघून थुंकला नाही, एवढंच.

दुपारी हौसाबाई डवरींची आली.
एक शिंग मोडकं, अंगावर वाळलेला चिखल,
तेल लावायची बुद्धीच झाली नव्हती कुणाला.
साठ आले तरी देऊन मोकळी होते म्हणाल्या.
मी वाचत गेले. चार वेतं, चारी सुखरूप,
दर वेळी पहिल्याच रेतनात गाभण,
फॅट साडेसातच्या खाली कधी नाही.
माणसं वळली. सौदा एक्याऐंशीला तुटला.
हौसाबाई बिल्ल्याला हात लावून म्हणाल्या,
"ह्यात काय नवं हाय? मला सगळं म्हाईत हुतं.
तिसऱ्या येताला पावसात, राच्चं, मीच सोडवली.
पर मी सांगिटलं तर कोण पैसं देतंय?"
एकवीस हजार त्यांनी दोनदा मोजले,
वेगळे, बाकीच्यांत न मिसळता.
दावं सोडताना मात्र गाठ सुटेना.

आता एक सांगायचं राहिलं.
चंद्रूच्या म्हशीची नोंद मी पुरी वाचली नव्हती.
खाली एक ओळ होती, मालकी बदलाची,
चार वर्षांमागची, याच बाजारातली.
वेत दुसरं. मध्यस्थाचा मोबाईल नंबर
मला तोंडपाठ आहे, शाळेच्या दाखल्यावर होता तो.
म्हणजे हीच म्हैस एकदा
याच टॉवेलखालून गेली होती,
आणि सकाळी "तिसऱ्या वेताची" म्हटल्यावर
जी मान हलली तिला हिशेब येत होता.

बाजार उठला. शेणावर भुसा पडला.
आबांनी टॉवेल झटकला, खांद्यावर टाकला,
माझ्या खुर्चीजवळ येऊन उभे राहिले.
"समदं वाचलंस?"
"शेवटी रेंज गेली," मी म्हणाले.
त्यांनी आकाशात बघितलं, टॉवर आहे त्या बाजूला.
मग गाड्यावर जाऊन भजी सांगितली.
दोन प्लेट.